सगळं "जुळणं" एकच नसतं, त्यासाठी ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी घ्याच

माझं काम पुण्यात बसून लंडनच्या क्लायंटला मेल लिहायचं, तेही अकाउंट्सचं, म्हणजे दिवसभर हा आकडा त्याच्याशी जुळतोय का, हे त्यात बसतंय का, दोन डेडलाइन एकाच दिवशी येतायत का हेच चालू. मराठीत जुळणं एकच शब्द किती ठिकाणी धावून येतो बघा, पत्रिका जुळते, सूर जुळतात, हिशोब जुळतो, तारखा पण जुळून येतात. इंग्रजीत मात्र फिट, सूट, मॅच, टॅली, करस्पॉन्ड, कॉइन्साइड, डव्हटेल (म्हणजे एकमेकांत नीट बसणं) असे वेगवेगळे शब्द आणि इंग्रजी-मराठी कोश उघडला की ह्यातल्या बहुतेक शब्दांसमोर "जुळणे" नाहीतर "अनुरूप असणे". एवढ्याने मेल लिहिता येत नाही हो. म्हणून ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीबद्दल लिहितोय, माझ्याकडे कागदी प्रत आहे आणि ऑफिसात त्यांची साइट वापरतो, साइटवर शब्द शोधायला पैसे लागत नाहीत, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात.

खरी गोष्ट अशी की ह्या डिक्शनरीत अर्थापेक्षा शब्द कसा वापरायचा ते जास्त चांगलं कळतं. सूट बघा. आपण "मला हा टाइम सूट होतो" म्हणतो त्यामुळे इंग्रजीत सर्रास "सूट्स टू मी" लिहिलं जातं, इथे नोंदीतच दिसतं की सूटनंतर थेट माणूस येतो, मध्ये टू नाही. कॉइन्साइडला आणि टॅलीला विथ लागतं, करस्पॉन्डला टू किंवा विथ, डव्हटेलला विथ किंवा इनटू. फिटचा भूतकाळ ब्रिटिश लोक फिटेड करतात, अमेरिकन बहुतेकदा फिटच ठेवतात. आणि मापात बसणं ह्या अर्थी फिटला आयएनजी लावायचं नाही हे पण तिथेच दिलेलं असतं, त्यामुळे "धिस शर्ट इज नॉट फिटिंग मी" हे आपलं लाडकं वाक्य बाद.

फिट, सूट आणि मॅच ह्यातला फरक समजायला लक्ष्मी रोडचं कुठलंही मॅचिंग सेंटर पुरे. बायका साडीचा काठ ब्लाउजपीसवर धरून दुकानाच्या पायरीवर उजेडात येतात आणि रंग तोच आहे का बघतात, ते मॅच. ब्लाउज शिवून आला आणि बाहीत, पाठीत बरोबर बसला की फिट. आणि एवढं सगळं होऊन तो रंग त्या बाईला खुलला की सूट. तिन्ही वेगळ्या गोष्टी, एक जमली म्हणून दुसरी जमेलच असं नाही, आणि डिक्शनरीत तिन्ही अर्थ अगदी सोप्या इंग्रजीत दिलेत कारण व्याख्या लिहिताना ते साधारण तीन हजार नेहमीच्या शब्दांतच भागवतात.

साइटवर शब्दाचं मूळ पण बघता येतं, मला ते फार आवडतं. टॅली म्हटलं की आपल्याला बंगळुरूचं सॉफ्टवेअर आठवतं पण मूळ लॅटिन शब्द म्हणजे काठी. इंग्लंडात देण्याघेण्याची नोंद काठीवर खाचा पाडून करायचे, मग काठी उभी चिरून एक भाग देणाऱ्याकडे एक घेणाऱ्याकडे, हिशोबाच्या दिवशी दोन्ही भाग एकमेकांना लावायचे आणि खाचेला खाच मिळाली की हिशोब बरोबर, कोणालाच नंतर जास्तीची खाच मारता येणार नाही. सरकारी खजिन्यात हे 1826 पर्यंत चाललं आणि 1834 च्या ऑक्टोबरमध्ये त्या जुन्या काठ्या भट्टीत जाळताना ब्रिटिश संसदेची इमारतच पेटली! हे वाचल्यावर टॅली शब्द आकड्यांना आणि साक्षीदारांच्या जबान्यांना का लागतो आणि साडीच्या रंगाला का नाही ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

कॉइन्साइड आणि क्लॅश हा फरक पण महत्त्वाचा, मेलमध्ये चुकीचा पडला तर समोरच्याला तक्रार वाटते. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आले, ते कॉइन्साइड. विसर्जन आणि जुलूस एकाच दिवशी रस्त्यावर आले असते तर क्लॅश झाला असता, पण मुंबईत मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी घेतला, सरकारने सुट्टी पण 29 ला केली, क्लॅश झालाच नाही. डिक्शनरीत क्लॅशच्या अर्थात अडचण होणं हे स्पष्ट लिहिलंय, कॉइन्साइडमध्ये तसं काही नाही, नुसतं एका वेळी घडणं. आणि थोडाच वेळ एकावर एक येत असेल तर ओव्हरलॅप.

हे सगळं इतकं नेमकं का जमलंय तर ही डिक्शनरी मुळात इंग्रज लोकांसाठी केलेलीच नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचे, परक्या मुलांना शब्दाचा अर्थ कळतो पण वाक्य बसवता येत नाही हे ते रोज बघत होते, म्हणून त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी क्रियापदांचे साचे, म्हणजे क्रियापदानंतर वाक्यात काय आणि कसं यायचं ते, देणारा कोश केला, तो पहिल्यांदा 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. जुनी प्रत कोणाकडे असेल तर त्यात व्हीपी 6ए वगैरे कोड दिसतील, ते हेच साचे. आता कोड गेलेत, साधं विथ समथिंग असं लिहितात, वाचायला खूप सोपं.

घेण्याआधी दोन गोष्टी. ह्यात मराठी अर्थ नाहीत, त्यामुळे इंग्रजी वाचायची सवय नसेल तर सुरुवातीला मराठी कोश शेजारी ठेवा. आणि पुस्तक चांगलंच जाड आहे, बॅगेत घालून फिरायचं नाही, त्यामुळे नुसत्या मेलसाठी हवी असेल तर साइट पुरेल, पण मराठी माध्यमातून अकरावीला जाणारा मुलगा-मुलगी घरात असेल तर कागदी प्रतच घ्या, एक शब्द शोधताना शेजारचे चार वाचले जातात.