लाकडी नकाशा: एकाच फळीवर कोरावा की थर कापून जोडावा?
आपल्या शहराचा नकाशा लेसरने लाकडावर उतरवायचा, तर पहिला निर्णय हाच. माझं मत स्पष्ट आहे: नदी, तळं किंवा किनारा असेल तर थर करा, नुसतं रस्त्यांचं जाळं असेल तर एक फळी पुरे.

थरांसाठी साधारण 3 मिमी जाडीचं प्लायवूड घ्यावं. खालचा थर निळा रंगवायचा आणि वरच्यातून पाण्याचा आकार कापून काढायचा. भिंतीवर लावल्यावर काठाची बारीक सावली त्या निळ्यावर पडते, नदी खरोखर खाली वाहते आहे असं वाटतं. त्रास होतो तो कापताना. प्लायमध्ये गोंद साचलेल्या जागी किरण आरपार जात नाही, आणि अरुंद पूल हात लागताच तुटतात. म्हणून पुलांच्या रेषा फाईलमध्येच जाड करून घ्या.

फळीवरचं काम सोपं, पण लाकूड पारखून घ्यावं लागतं. पाइनमध्ये मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात. मऊ भाग खोल जळतो, कठीण फारसा जळत नाही, आणि गल्ल्या त्या पट्ट्यांत हरवतात. मेपल एकसारखं असतं.

दोन्हींत आधी कागदी मास्किंग टेप लावा, धुराचे डाग टळतात. व्हिनाइलची (पीव्हीसी प्लास्टिकची) टेप मात्र अजिबात नको, जळताना घातक वायू सुटतो. नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावरून घेतला असेल तर कोपऱ्यात त्याचं श्रेय कोरा.