आकाशवाणी की इंटरनेट रेडिओ?

गोव्यात फोंड्याजवळ नवं घर घेतलेल्या एका मित्राने परवा विचारलं, "नियमित ऐकायला काय लावू? आकाशवाणी की इंटरनेट रेडिओ?" त्याला लोकसंगीत, शास्त्रीय आणि इलेक्ट्रॉनिक, तिन्हींची ओळख करून घ्यायची आहे. माझ्या घरी गेली काही वर्षं दोन्ही चालू आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल वादच नाही, इंटरनेटच. हणजुणेच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात घडलेला गोवा ट्रान्स हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार आपल्या अंगणातला, पण तो नीट क्रमाने समजून घेतला मी परदेशी केंद्रांवरच्या दोन-दोन तासांच्या कार्यक्रमांतून. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर वाजवलेला भैरव रागही तिथेच पहिल्यांदा कानावर पडला. कोमल रिषभावरून ते यंत्र घसरत जातं तेव्हा अंगावर काटा येतो. असा अनुभव आकाशवाणीवर मला तरी आला नाही.

शास्त्रीयसाठी मात्र मी आकाशवाणीकडेच वळतो. विविध भारतीवरची 'संगीत सरिता' सकाळी एक राग हातात देते: आधी ओळख, मग त्यातलं चित्रपटगीत, मग गायन किंवा वादन. नवख्याला याहून सोपी वाट मला माहीत नाही. पुढे २०१६ पासून चालू असलेली 'रागम' वाहिनी आहे, चोवीस तास हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत. ती फोनवरही लागते. केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो गळा कुठल्या घराण्यात घडला, ते घराणं कसं गातं, हे कळायला रोजचं ऐकणं लागतं.

राहिलं लोकसंगीत, आणि माझा निर्णय झाला तो इथेच.

श्रावणातली रात्र होती. एका इंटरनेट केंद्रावर तासाभराचा सलग कार्यक्रम चालू होता. मध्येच बायकांचा फुगडीसारखा आवाज, खाली घुमट या मातीच्या तालवाद्यासारखा ठोका, आणि त्यावर हळूहळू चढत गेलेला सिंथेसायझरचा एकच सूर. मी उठून बसलो, घड्याळात पाहिलं, अकरा चाळीस. दुसऱ्या दिवशी त्या कार्यक्रमाची यादी उघडली. त्या जागी दोनच शब्द: 'पारंपरिक, भारत'. गाव नाही, मंडळ नाही, गाणारीचं नाव नाही. सिंथेसायझरवाल्याचं मात्र पूर्ण नाव. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. तो आवाज आपल्या सत्तरी तालुक्यातला होता की आणखी कुठला, मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी लक्ष देऊन पाहू लागलो. त्या केंद्रावर हे वरचेवर होतं. इतर केंद्रं कदाचित अधिक काळजी घेत असतील, मी सगळी ऐकलेली नाहीत.

आकाशवाणीवर निवेदक आधी सांगतो आणि संपल्यावर पुन्हा सांगतो: कोण गायलं, राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण. धालो, म्हणजे गोव्यातल्या बायकांची लोकगीतं, असले तर मंडळ आणि गाव. स्वयंपाकघरात खिडकीजवळ माझी एक वही टांगलेली आहे, तिच्यात ही नावं उतरवून घेतो. चवथीला शेजारच्या वाड्यावर आरतीला घुमट आणि त्याच्या जोडीचं तालवाद्य शामेळ वाजायला लागले की वहीतलं एखादं नाव समोर येऊन बसतं. ही वही इंटरनेटवरून कधी भरली नसती.

ट्रान्झिस्टरच्या अडचणी आहेतच. मध्यम लहरींवर मिक्सर लावला की खरखर, पावसाळ्यात वीज चमकली की कडकडाट. संच थोडा फिरवून ठेवला की बरंच सुधारतं, कारण आतल्या अँटेनाला दिशा लागते. एफएम स्वच्छ, पण डोंगराआड क्षीण. शिवाय वेळ चुकली की कार्यक्रम गेला. ही रुखरुख इंटरनेटवर नाही.

तुम्हाला फक्त नवे आवाज हवे असतील तर इंटरनेट पुरेल, कदाचित बरंही पडेल. मित्राला मात्र मी सांगितलं: महिनाभर आकाशवाणी लाव, शेजारी पेन ठेव. शनिवारी रात्री इंटरनेट आहेच. तो म्हणाला, वही कसली घेऊ? मी माझ्याकडची एक कोरी देऊन आलो, दोनशे पानी.