धक्क्यानं चालू होणारी गाडी आणि माझे 12,600 रुपये

माझी मारुती 800, 2006 ची. गावात तिला 'मास्तरची डबी' म्हणतात. कंपनीनं हे मॉडेल 2014 मध्ये बंद केलं, पण सुटे भाग अजूनही तालुक्याला मिळतात, म्हणून विकली नाही. दारव्हा तालुक्यात आमच्या गावाहून शाळा 14 किलोमीटर, आणि पावसाळ्यात त्या काळ्या मातीच्या रस्त्यावरून दुचाकी नेण्यापेक्षा डबी बरी.

सप्टेंबरात एका सकाळी आईला यवतमाळला डोळे दाखवायला न्यायचं होतं. चावी फिरवली तर नुसतं 'टक'. परत फिरवली, परत 'टक'. लाइट लावून पाहिले तर एकदम लख्ख. शेजारच्या दोन पोरांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी लागलीच सुरू झाली. यवतमाळला जाऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी तशीच धक्का मारून गॅरेजला नेली.

इथंच माझी अक्कल शेण खायला गेली होती. धक्क्यानं गाडी पटकन सुरू होते याचा अर्थ पेट्रोल येतंय, प्लगला करंट येतोय, इंजिन ठीक आहे. खराबी फक्त इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या भागात आहे. म्हणजे बॅटरी, सेल्फ (चावी फिरवल्यावर इंजिन फिरवणारी छोटी मोटर), नाहीतर त्यांच्यामधल्या वायरा. त्यातही चावी फिरवताना लाइट मंद होत नसतील, तर बॅटरीवर संशय घ्यायचं कारणच नाही. एवढं मला त्या दिवशी ठाऊक असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

गॅरेजवाला (नाव-गाव लिहीत नाही, आणि कुणी विचारूही नका) बोलायला फार गोड. बोनेट उघडलं, बॅटरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, बॅटरी बसली." मी म्हटलं, लाइट तर फुल आहेत. तो हसला. "लाइटले किती करंट लागते सर? सेल्फले लय लागते." बोलणं खरंच होतं, म्हणून मी गप्प बसलो. अर्ध्या खऱ्या वाक्यात माणूस लवकर सापडतो.

बॅटरी बदलली, जुनीचे 600 वजा करून 3,900. माझी जुनी बॅटरी जेमतेम सव्वा वर्षाची होती आणि तिचं वॉरंटी कार्ड डॅशबोर्डच्या खणात पडलेलं होतं, हे मला घरी आल्यावर आठवलं. नवी बॅटरी लावूनही 'टक'च झालं. मग "सेल्फ पण गेला सर, गाडी जुनी झाली, एकेक निघनच." गाडी त्याच्याकडे रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी काळाकुळीत, चकचकीत सेल्फ बसवलेला होता, 4,800 रुपये. मजुरी 1,200. चावी फिरवली आणि अर्ध्या सेकंदात गाडी चालू. मी खूश. जुना सेल्फ मागितला नाही, बिल मागितलं नाही. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे त्यानं तीन आकडे लिहून दिले, तेवढ्यावर भागलं.

आठव्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर परत 'टक'. पाचवी-सहावीच्या पोरांना तर सणच मिळाला, गाडीमागे वीस जण. परत धक्का, परत सुरू, परत गॅरेज. या वेळी पेट्रोल पंप. तो टाकीतला असतो, म्हणजे बदलला की नाही हे गिऱ्हाइकाला दिसायचा प्रश्नच नाही. 2,700. गाडी पुन्हा चालायला लागली. एकूण 12,600 झाले.

दहा दिवस गेले, परत 'टक', आणि त्या सकाळी मी गाडी हलवायचाही नाद सोडला. गावात ट्रॅक्टरची वायरिंग करणारे एक काका आहेत, वय सत्तरच्या पुढे. त्यांना बोलावलं. त्यांनी काहीच उघडलं नाही. मला म्हणाले, "गुरुजी, बसा अंदर, चावी मारा, सोडू नका." मी चार-पाच वेळा मारली. काकांनी बोनेटखाली हात घालून ॲक्सिलरेटरची केबल चिमटीत धरली आणि झटकन सोडली. "हे तार गरम काहून होऊन रायलं?"

मला काही कळेना. काकांनी समजावलं. बॅटरीच्या मायनसकडून एक जाड वायर गिअरबॉक्सवर जाते, ती अर्थिंग. सेल्फचा सगळा करंट तिथून परत यायला पाहिजे. ती वाट बंद असेल तर करंट दुसरी फट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची बारीक केबल सापडली की तिच्यातून जातो, म्हणून ती तापते. बॉडीची अर्थिंग वेगळी आणि शाबूत, म्हणून लाइट लख्ख. त्यांनी व्होल्ट मोजायच्या मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर टेकवली, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या लोखंडावर, आणि मला चावी मारायला लावली. मीटरवर 7 व्होल्टच्या वर. चांगल्या अर्थिंगला तिथं अर्धा व्होल्टही दिसू नये. मग ट्रॅक्टरची जंपर वायर मायनसपासून थेट इंजिनाला लावली. चावी फिरवताच डबी घुरघुरली.

गाडीखाली चटई टाकून काकांनी तो बोल्ट काढला. वायरीचं टोक हिरवट झालेलं, वर चिखलाचा कडक पापुद्रा, आत गंज. पण बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ताजे, पांढरे ओरखडे होते. दर खेपेला गाडी आठ-दहा दिवस का चालायची, ते तेव्हा समजलं. कुणीतरी तो बोल्ट नुसता आवळला होता, घासून साफ केला नव्हता. सेल्फ काढताना एकदा तो चुकून हलला असेल, मानतो. पेट्रोल पंपाच्या वेळी गिअरबॉक्सजवळ पाना कशाला गेला होता?

आणि मग काकांची नजर सेल्फवर गेली. नखानं काळा रंग खरवडला, तो खपलीसारखा निघाला, खाली तेलकट धूळ. कुणी धूळही न पुसता रंग मारला होता. अजून थोडं खरवडल्यावर पंचने मारलेली दोन टिंबं दिसली. "हे तं माह्यं आहे," काका म्हणाले. चार वर्षांपूर्वी त्यांनीच या सेल्फचे बुश बदलले होते, आणि आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक सेल्फवर ते दोन टिंबं मारतात. म्हणजे माझाच सेल्फ, रंगवून, मलाच 4,800 ला विकला.

टोक पॉलिश पेपरनं घासलं, अर्थिंगची नवी पट्टी 120 ची, ग्रीस लावून आवळली. काकांनी 150 घेतले, तेही नाही-हो करत.

गॅरेजवर गेलो तर तो गडबडला नाही. म्हणाला, "सर्व्हिसिंग करून लावला सर, मी नवा कधी म्हटलं?" दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर आवाज चढवला तेव्हा 1,500 परत केले आणि वर चहा मागवला. चहा घेतला नाही.

तुमची गाडी जुनी असेल तर एवढं करा. सेल्फ, डायनॅमो, पंप, काहीही बदलायला सांगितलं की आधी मोबाइलवर त्या भागाचा फोटो काढा आणि खडूनं किंवा खिळ्यानं एक खूण करा. जुना भाग घरी न्या, भंगारात गेला तरी चालेल. बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावायला सांगा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास असेल आणि सेल्फ मारताना 10 च्या खाली जात नसेल, तर ती बॅटरी चांगली आहे. मीटर नसलेल्या गॅरेजात इलेक्ट्रिकचं काम टाकूच नका. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळा संपला की अर्थिंगचा बोल्ट एकदा उघडून घासून घ्यायचा, हे आता मी दिवाळीच्या सफाईतच धरलं आहे.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, हे ठाऊक होतं. हेल्पलाइनवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? नाही. मग पैसे दिल्याचा काही पुरावा? तो मात्र निघाला, मोबाइलवरून पाठवलेले 4,800. पावती उघडली तर खाली टिपेच्या जागी मीच लिहिलं होतं, 'थँक्यू भाऊ'.