नाकामुरा २५, सेल्टिकची रेट्रो जर्सी: घ्या, पण धुताना जपा

रेट्रो जर्सी विकणाऱ्या एका साईटवरून मागवली. स्कॉटलंडच्या सेल्टिक या ग्लासगोच्या फुटबॉल क्लबची २००६-०७ ची होम जर्सी, पाठीवर नाकामुरा आणि २५. कापड एकदम मस्त, घामाला चिकटत नाही आणि हिरवे-पांढरे आडवे पट्टे बाजूच्या शिवणीवर नीट जुळलेत, स्वस्तातल्या कॉपीत नेमकी तिथेच गडबड असते. खांद्यात थोडी आवळते, एक साईज मोठी घ्या. छातीवरच्या स्पॉन्सरच्या नावाचं प्रिंट मात्र पहिल्याच धुण्यात कडेने सुटायला लागलं, एक स्टार त्याचाच कापलाय. उलटी करून थंड पाण्यात हाताने धुवा, इस्त्री अजिबात नको.

आता हाच प्लेअर का? जपानचा मिडफिल्डर म्हटलं की लोक नाकाताचं नाव घेतात, तो भारीच होता, पण शुन्सुके नाकामुराचा डावा पाय म्हणजे विषय संपला. २००२ चा वर्ल्डकप घरच्या मैदानांवर, आणि कोच त्रूसिएने याला टीममध्येच घेतलं नाही! मग हा इटलीत रेजिनाकडून खेळला आणि २००५ ला ग्लासगोत आला. नोव्हेंबर २००६, चॅम्पियन्स लीग, समोर मँचेस्टर युनायटेड, ८१ वं मिनिट, स्कोअर ०-०, फ्री किक गोलपासून चांगली लांब, आणि याने बॉल समोर उभ्या प्लेअर्सच्या भिंतीवरून असा वळवला की थेट वरच्या कोपऱ्यात, युनायटेडचा गोलकीपर व्हॅन डर सारने झेप घेतली पण पोचतोय कुठे. सप्टेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवरही याच गोलकीपरला याने फ्री किकवरच गोल मारला होता, म्हणजे तुक्का नव्हे हो! शेवटी सेल्टिकचा गोलकीपर बोरुचने युनायटेडच्या साहाची पेनल्टी अडवली, १-० ने जिंकले आणि सेल्टिक चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या १६ मध्ये पहिल्यांदाच. त्याच सीझनला किल्मारनॉकविरुद्ध इंज्युरी टाईममध्ये परत फ्री किक, लीग पक्की, वर स्कॉटलंडचा प्लेअर ऑफ द इयर.

पुढे स्पेनच्या एस्पान्योल क्लबमध्ये जमलं नाही, ते सोडा. जपानमध्ये योकोहामाला परतून २०१३ ला ३५ व्या वर्षी जे-लीगचा (तिथली लीग) एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम प्लेअर झाला, २००० लाही होता, दोनदा मिळवणारा पहिलाच. खेळला ४४ व्या वर्षापर्यंत, २०२२ ला थांबला.

पाचपैकी चार स्टार. नाव-नंबरचे वेगळे पैसे लावतात, ते खुशाल द्या, कोऱ्या पाठीची घेऊ नका.