कोल्ड प्लेट आली, पण बर्फाचा ट्रे काही सुटला नाही

मिरजेतल्या एका खासगी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा (टिश्यू) मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, मी १९ वर्षं ब्लॉक कापते आहे. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला टिश्यू; तो गार असला की पातळ काप नीट निघतात. ब्लॉक गार करायला आधी फ्रीजरमधल्या बर्फाच्या ट्रेवर भागत होतं. गेल्या मार्चमध्ये आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी कोल्ड प्लेट घेतली. टेबलावर बसणारी, वर सपाट धातूचा पत्रा, एका वेळी साठेक ब्लॉक मावतात, तापमान उणे २० अंशांपर्यंत खाली नेता येतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण निम्म्या तक्रारी आमच्याच अपेक्षांच्या निघाल्या.

एम्बेडिंगला, म्हणजे टिश्यू मेणात बसवायला, यंत्र फर्स्ट क्लास. मोल्डमध्ये (साच्यात) मेण ओतायचं, चिमट्याने टिश्यू तळाशी सपाट बसवायचा, वर कॅसेट (जाळीची प्लास्टिकची डबी) ठेवून प्लेटवर सरकवायचं. मेण झटपट गोठलं की त्याचे स्फटिक बारीक राहतात आणि टिश्यूला मेणाचा आधार चांगला मिळतो. मोल्डमधून ब्लॉकही अलगद सुटतो. सांगली-मिरजेचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना हे सुख कळेल. तेव्हा ५८-६० अंशांना वितळणारं मेण घेऊनसुद्धा ब्लॉक मऊ पडतो आणि सेक्शन (पातळ काप) ब्लेडवर दाबून आखूड होतो.

घोळ झाला तो मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, कापताना. मॅडम म्हणाल्या, "आता बर्फाचा पसारा बंद." चौथ्या दिवशी त्याच मॅडम मायक्रोस्कोपवरून मान वर करून विचारत होत्या, "अहो ताई, ही एन्डोस्कोपीची बायोप्सी आहे की खिडकीची झडप?" स्लाइडभर एकसारख्या बारीक आडव्या पट्ट्या! मी नवीन ब्लेड लावलं, क्लिअरन्स अँगल (ब्लेडचा कल) बघितला, क्लॅम्प आवळला. पट्ट्या तशाच. शेवटी तोच फेस केलेला (वरचं मेण कापून टिश्यू उघडा केलेला) ब्लॉक वितळत्या बर्फावर तोंड खाली करून दहा मिनिटं ठेवला आणि ३ मायक्रॉनची सलग रिबन (एकाला एक जोडलेल्या कापांची साखळी) निघाली.

कारण साधं आहे. प्लेटने मेण कडक होतं, पण प्लेट कोरडी. वितळता बर्फ थंडावा देतो आणि पाणीही देतो. ट्रिमिंग करून टिश्यू उघडा केला असेल तर ते पाणी वरच्या थरात मुरतं आणि कडकडीत झालेला टिश्यू जरा नरमतो. फेसिंग न करताच ब्लॉक बर्फावर ठेवणाऱ्यांना फक्त थंडी मिळते, पाणी मेणावरच थांबतं. नव्या मुलांना हे मी शंभरदा सांगितलंय. थायरॉइडचा कोलॉइड, रक्ताच्या गाठी, केराटिनवाली त्वचा यांना हे पाणी लागतंच. मात्र तासभर विसरलात तर टिश्यू फुगतो आणि वॉटर बाथवर (कोमट पाण्यावर काप तरंगवतात तिथे) सेक्शन फाटून पसरतो.

खरं तर मूळ दोष प्रोसेसरमध्ये, म्हणजे टिश्यूतलं पाणी काढून मेण भरणाऱ्या यंत्रात, होता. अख्ख्या गर्भपिशवीचे तुकडे आणि तांदळाएवढी बायोप्सी रात्रभर एकाच धुण्यात घातली, की तेवढ्याच अल्कोहोल-झायलीनमध्ये बायोप्सी पार वाळते. आता बायोप्सीचा प्रोग्रॅम वेगळा, छोटा लावतो. पट्ट्या निम्म्याहून कमी झाल्या. हे कोणत्याही कोल्ड प्लेटच्या माहितीपत्रकात नसतं.

प्लेटच्या खऱ्या तक्रारी दोन. एकदा उणे १५ वर ब्लॉक ठेवून जेवायला गेले, परत येते तर मेणाला तडे, आटलेल्या तळ्यासारखे. एक तडा थेट टिश्यूतून गेलेला. तेव्हापासून उणे ५ च्या खाली जात नाही, मग २० चे पैसे कशाला दिले हा प्रश्न मॅडमच विचारतात. दुसरी तक्रार पावसाळ्यातली. जुलैत पत्र्यावर हिमाचा थर साचतो, मोल्ड तिरके बसतात, आणि डीफ्रॉस्टला सकाळचा अर्धा तास जातो. इंजिनिअर आला, झाकण लावून ठेवा म्हणाला. झाकण आहेच, पण ब्लॉक ठेवताना-काढताना ते उघडावंच लागतं ना!

रोज पन्नासच्या वर ब्लॉक असतील तर एम्बेडिंगसाठी जरूर घ्या. पंधरा-वीस असतील तर चांगला ट्रे आणि भरवशाचा फ्रीजर पुरतो. आमच्याकडे सध्या प्लेट एम्बेडिंगच्या टेबलावर आहे आणि मायक्रोटोमशेजारी परत तोच जुना, कड तुटलेला ट्रे. संध्याकाळी जाताना त्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं काम मॅडमनी स्वतःकडे घेतलंय.