फॅमिलीसर्च: क्वेकर पूर्वजांसाठी कागदांची चित्रं उत्तम, वंशवृक्ष बेभरवशाचा

निपाणी-खानापूरकडं वंशावळ काढणाऱ्यांना हेळव्यांच्या वह्या आणि मोडीतले कागद नवे नाहीत. पण बेळगावात बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं काम अंगावर घेतलं आणि तो म्हणाला, "आमचा मूळपुरुष क्वेकर, विल्यम पेनबरोबर आला, जहाजाचं नाव तेवढं काढून द्या," तर पहिली धाव फॅमिलीसर्चवरच जाते. (क्वेकर हा इंग्लंडमधला एक ख्रिस्ती पंथ, आणि पेन म्हणजे त्याच पंथाचा, पेनसिल्व्हेनिया वसवणारा.) मॉर्मन चर्चचं हे संकेतस्थळ फुकट आहे, खातं उघडलं की झालं. मात्र इथं एकाच दारामागं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे जुन्या कागदांच्या चित्रांचं, म्हणजे पानांच्या फोटोंचं कोठार आणि दुसरा म्हणजे सगळ्यांनी मिळून भरलेला सामाईक वंशवृक्ष. कोठाराला पाचपैकी साडेचार गुण, वृक्षाला जेमतेम दोन.

दोनच का, ते 'वेलकम' जहाजावरून कळतं. पेन याच जहाजानं २७ ऑक्टोबर १६८२ ला डेलावेअर नदीवरच्या न्यू कॅसलला पोचला. जहाजावर सुमारे शंभर माणसं होती, त्यातली तीसेक वाटेतच देवीच्या साथीत गेली. या जहाजाची मूळ प्रवासी यादी आज अस्तित्वात नाही. ज्या याद्या फिरतात त्या मागाहून जुळवलेल्या आहेत. तरी सामाईक वृक्षात 'वेलकम, १६८२' हा शेरा सापडतोच सापडतो, कारण तिथं कुणीही कुणाच्याही माहितीत फेरफार करू शकतो आणि मानाचं जहाज प्रत्येकाला हवं असतं. असा शेरा दिसला की खालचा आधार उघडून बघायचा. आधार म्हणून दुसरा वृक्षच दिला असेल तर शेरा सोडून द्यायचा.

जहाज शोधायचंच नाही असं नाही, ते शेवटी शोधायचं. काही जहाजांचं नशीब चांगलं आहे. १६८२ च्या 'सबमिशन'ची प्रवासवही टिकली, म्हणून त्यावरची माणसं नावानिशी कळतात. त्यातल्याच फिनियस पेम्बर्टननं पुढं बक्स परगण्यात आलेल्यांची नोंदवही ठेवली. ती सोन्यासारखी आहे, पण नोंद करायला सगळेच गेले नव्हते. इंग्लंडच्या जकातीच्या वह्यांतही नावं मिळतात. तिथला घोळ असा की त्यात जहाजावर माल चढवणाऱ्याचं नाव असतं. माल गेला म्हणजे माणूस त्याच जहाजानं गेला असं होत नाही.

आधी शोधायचा तो स्थलांतराचा दाखला. क्वेकर माणूस गाव सोडताना आपल्या मासिक सभेकडून (दर महिन्याला भरणारी स्थानिक क्वेकरांची कारभाराची बैठक) दाखला घ्यायचा: वर्तन चांगलं आहे, लग्नाच्या बाबतीत मोकळा आहे. नव्या गावची सभा तो वाचून वहीत नोंदवायची. एक दाखला हाती लागला की इंग्लंडमधलं गाव, निघाल्याचा काळ आणि पुष्कळदा बायको-मुलंही कळतात. तिथून त्या हंगामात कुठली जहाजं निघाली ते बघायचं.

कोठारात शिरायची वाट नावाच्या शोधातून नाही, कॅटलॉगमधून आहे. ठिकाण म्हणून पेनसिल्व्हेनिया, मग बक्स परगणा, मग चर्चच्या नोंदी आणि त्यात फॉल्स मासिक सभा. चित्रांचा संच निवडला की इतिवृत्त, जन्म-मृत्यू आणि दाखले अशा वह्या वेगवेगळ्या दिसतात. पुरुषांची सभा वेगळी, बायकांची वेगळी, आणि दोन्हींची इतिवृत्तंही वेगळी. लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्याला लागोपाठ दोन मासिक सभांत इरादा सांगावा लागायचा, मधल्या महिन्यात चौकशी व्हायची. म्हणून पुरुषांच्या वहीचं पान फाटलेलं असलं तरी बायकांच्या वहीत तीच हकिगत मिळू शकते. हे फार कमीजण बघतात. लग्नाच्या कागदावर हजर असलेले सगळे सही करायचे आणि घरची मंडळी बहुधा वधूवरांच्या नावाखाली उजव्या रांगेत. दोन जॉन स्मिथांतला आपला कोणता, हे ठरवायला त्या रांगेइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

तारखा हे घसरायचं मोठं ठिकाण. क्वेकर महिन्यांची नावं घेत नसत, आकडे लिहीत. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि पहिला महिना म्हणजे मार्च. त्यामुळं '१२, दुसरा महिना, १६८३' म्हणजे १२ एप्रिल, फेब्रुवारी नव्हे. 'अकरावा महिना १६८२' म्हणजे आजच्या हिशेबानं जानेवारी १६८३. शकाचा इसवी सन काढताना जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७८ ऐवजी ७९ मिळवायची सवय ज्यांना आहे, त्यांना हा फेर लगेच उमगेल. सामाईक वृक्षात मात्र या तारखा सर्रास दोन महिन्यांनी चुकलेल्या असतात. मूल लग्नाआधी जन्मलेलं दिसलं की आधी इथं संशय घ्यावा.

हस्ताक्षरातला मजकूर शोधायची नवी सोय २०२४ मध्ये आली, ती खरंच कामाची आहे. फक्त जुना कारकून मोठ्या 'एफ'साठी दोन छोटे 'एफ' काढतो आणि लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो, हे धरून चालायचं. नाव तीन-चार वळणांनी टाकायचं, शंकेच्या अक्षराजागी प्रश्नचिन्ह किंवा तारा द्यायचा. वेल्श माणसांचं त्याहून अवघड. जॉन ॲप थॉमस म्हणजे थॉमसचा मुलगा जॉन. त्याची मुलं अमेरिकेत जोन्स, म्हणजे 'जॉनची' झाली, म्हणजे बापाचं पहिलं नावच मुलांचं आडनाव. तिथं आडनाव धरून शोधाल तर बाप कधीच सापडायचा नाही.

एखादा माणूस वहीतून अचानक गायब झाला तर मेला असं समजू नका. क्वेकर समाजाबाहेर लग्न केलं की सभा त्याला काढून टाकायची. विल्यम हिनशॉनं क्वेकर सभांच्या वह्यांवरून काढलेल्या संक्षिप्त नोंदींच्या खंडांत अशा काढून टाकण्याला ठरावीक आद्याक्षरं आहेत, ती आधी पाठ करावीत. दुसऱ्या खंडात सेलम, बर्लिंग्टन, फिलाडेल्फिया आणि फॉल्स या चार सभा आहेत. काढून टाकलेल्या माणसाचा माग पुढं मृत्युपत्रं आणि जमिनीच्या खरेदीखतांत लागतो. १८२७ ला समाज फुटला, त्यानंतरच्या पिढ्यांसाठी हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन्ही बाजूंच्या वह्या चाळाव्या लागतात.

गैरसोय एकच, पण जाचक. काही संचांच्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली असते. ती चित्रं घरून उघडत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात बसूनच बघता येतात. केंद्र कुठं आहे, कुठल्या वेळेत उघडं असतं हे नकाशात बघून आणि फोन करून मगच गाडी धरावी. त्याआधी संच क्रमांक आणि पान लिहून घ्यावं, म्हणजे एका बैठकीत काम उरकतं.

ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या दुसऱ्या संकेतस्थळावर १६८१ ते १९३५ च्या क्वेकर सभांच्या नोंदी नावानिशी शोधता येतात, पण त्याला वर्गणी आहे. वर्षाची घेऊ नये. फुकटातलं सगळं आटोपून अडलेल्या नावांची यादी तयार झाली की एका महिन्याची घ्यावी, आणि त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करून टाकावं.