प्रेशर पंप सारखा बंद पडतोय? नागपुरात मनीषनगरच्या गच्चीवरचा मार्च ते डिसेंबरचा अनुभव

पंप चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही. मार्चमध्ये बसवला, आता थंडी पडली. मधल्या काळात तो इतक्या वेळा ऐन आंघोळीत बंद पडला की घरात "पंप गेला!" ही आरोळी नेहमीचीच झाली. पण जवळपास दर वेळी कारण वेगळं निघालं, आणि त्यातलं पंपाच्या आतलं कारण एकच.

आधी मांडणी. टाकी गच्चीवर, आणि वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीच्या तळापासून जेमतेम दोन मीटर खाली. एक मीटर उंचीला दाब साधारण 0.1 बार मिळतो, म्हणजे आमच्या शॉवरला 0.2 बार. पाणी पडायचं नाही, नुसतं ठिबकायचं. म्हणून टाकीतून निघणाऱ्या लाइनवर दाब वाढवणारा छोटा बूस्टर, म्हणजेच हा प्रेशर पंप, लावला. जास्तीत जास्त दीड बार दाब देणारा, फ्लो स्विचवाला: चावी उघडून पाणी वाहू लागलं की सुरू, थांबलं की बंद. (रस्त्यावरच्या नळलाइनला लावतात तो टुल्लू नव्हे. त्याला मनाई आहे आणि ती रास्तच आहे.)

एप्रिलपर्यंत मजा होती. मे लागला आणि दुपारी पाच-सात मिनिटं चालून पंप गप्प व्हायला लागला. प्लंबर आला, बॉडीला हात लावून झटकन मागे घेतला आणि म्हणाला, "दादा, मोटर जळून राहिली तुमची. नवीनच टाकून घ्या." मोटर जळत नव्हती. अर्ध्या तासाने पंप आपोआप सुरू होत होता आणि तीच खूण आहे. वाइंडिंगजवळ थर्मल ओव्हरलोड नावाची छोटी पत्ती असते. मोटर ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की ती वीज तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. जळलेली मोटर अशी परत येत नाही.

मग तापतो कशाने? ऊन हे उघड कारण. सोबतच्या पत्रकात भोवतालचं तापमान 40 अंशांपर्यंतच चालेल असं छापलंय. आपल्याकडे मेमध्ये सावलीतच 45 असतं, गच्चीची तर बातच सोडा. त्यात टाकीचं पाणीही कढत, त्यामुळे वाहत्या पाण्याने मोटर थोडी निवते, तेही होत नाही. पण खरा चोर दुसराच निघाला: कूलर.

नागपूरकराला कूलर समजावून सांगायला नको. आमच्या कूलरला बॉलकॉक (पातळी उतरली की उघडणारी, भरली की बंद होणारी तरंगत्या गोळ्याची चावी) आहे, आणि त्याची पाइप पंपाच्या पुढच्या लाइनवरून घेतलेली होती. कूलर चालू असला की पाणी सतत उडत राहतं, बॉलकॉक किंचित उघडा राहतो आणि बारीक धार सुरूच असते. ही धार फ्लो स्विचला कधी पुरते, कधी पुरत नाही. म्हणजे दिवसभर पंप सुरू-बंद, सुरू-बंद. सुरू होताना मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, त्यामुळे दुपारपर्यंत ती तापलेलीच असायची. मग आंघोळीला जाणाऱ्याच्या नशिबी पाच मिनिटं. कूलरची लाइन पंपाच्या आधी टी टाकून वेगळी केली; कूलरला दाब लागतच नाही. पंपावर पत्र्याचं छप्पर केलं, पण चारी बाजू मोकळ्या ठेवून. पेटी करून झाकला तर हवा कोंडून आणखी तापेल. त्यानंतर मेच्या उरलेल्या दिवसांत दुपारचं बंद पडणं थांबलं.

पावसाळ्यात नवी तऱ्हा. आता पाच मिनिटं नाही, पाच सेकंद. टिक सुरू, टिक बंद, आणि बॉडी थंडगार. हा फ्लो स्विचचा प्रकार. बादली लावून पंप बंद ठेवून मोजलं, तर शॉवरमधून मिनिटाला दोन लिटरसुद्धा येत नव्हतं. आमच्या टाकीत नळासोबत बोअरचंही पाणी येतं, आणि त्याच्या क्षाराने शॉवरची निम्मी भोकं बुजली होती. शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, सकाळी जुन्या टूथब्रशने घासला. बराच फरक पडला, पूर्ण नाही. म्हणून एमसीबी पाडून फ्लो स्विच उघडला. आत वरखाली सरकणारा लोहचुंबक असतो. जुन्या जीआय पाइपचा गंज चिकटून त्याला काळी दाढी फुटली होती आणि तो मध्येच अडकत होता. फडक्याने पुसला, पंपाच्या आधीची जाळी धुतली, झालं. ती जाळी आता महिन्याला धुतो.

टाकी साफ केल्यावर पाइपात हवा धरते, तेव्हाही पंप घरघरतो आणि पाणी देत नाही. पंपाच्या पुढच्या बाजूचा नट सैल करून पाण्याची सलग धार येईपर्यंत हवा काढायची. यात फार काही नाही.

आतला दोष दिवाळीनंतर आला. पंप गुणगुणायचा, फिरायचा नाही, आणि थोड्या वेळाने थर्मल पडायचा. मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कंडेन्सर गेला होता. इलेक्ट्रिशियनने त्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे त्याच क्षमतेचा, बदलला, दीडशे रुपयांच्या आत काम. हे स्वतः करू नका. वीज बंद केल्यावरही कंडेन्सर झटका देऊ शकतो. व्होल्टेज फार पडलं तरी हीच लक्षणं दिसतात, म्हणून आधी मीटर लावून बघायला सांगा.

आता थंडीत एकच कुरबुर उरली आहे. बाथरूमच्या गरम-थंड मिक्सर नळावर गरम पाणी बारीक ठेवलं की कधीकधी पंप उठत नाही. गीझरच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हमध्ये क्षार असावा, तो अजून उघडलेला नाही.

घ्यायचा असेल तर घ्या, पण दुकानदाराला दाबाच्या आधी दोन गोष्टी विचारा: फ्लो स्विच किमान किती पाण्यावर उठतो, आणि तो सुटा मिळतो का. माझ्या दुकानदाराला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "पूर्ण पंपच बदलावा लागतो" असं द्यायचं होतं. सुटा स्विच मिळतो, हे त्याच्याच काउंटरमागच्या पोऱ्याने सांगितलं.